तहात कमावलेले

दरवर्षी १ जानेवारीला दिल्लीत आणि इस्लामाबादेत एकाच वेळी एक छोटा सरकारी उपचार पार पडतो. भारत आणि पाकिस्तान आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांच्या अधिकाऱ्यांच्या हाती सोपवतात. ३१ डिसेंबर १९८८ ला राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या उपस्थितीत इस्लामाबादेत एक करार झाला होता. यादीतल्या ठिकाणांवर हल्ला करायचा नाही, एवढेच त्याचे सार. पहिली यादी १९९२ साली दिली-घेतली गेली. पुढे कारगिलचे युद्ध झाले, संसदेवर हल्ला झाला, २६ नोव्हेंबर २००८ ला सुरू झालेल्या हल्ल्यात मुंबईत १६६ माणसे मारली गेली. त्या हल्ल्याला सहा आठवडेही पुरे झाले नव्हते, तेव्हा १ जानेवारी २००९ उजाडला आणि याद्या ठरल्याप्रमाणे पोहोचल्या. १ जानेवारी २०२५ ला हे ३४व्यांदा घडले. वर्तमानपत्रात त्याची बातमी येते ती चार ओळींची, आतल्या पानावर.

प्रस्तुत लेखसंग्रह त्या चार ओळींबद्दल आहे.

मराठी वाचकाला या विषयाकडे यायला एक अडसर आहे, तो भाषेतलाच. ‘युद्धात जिंकले आणि तहात हरले’ हे वाक्य महाराष्ट्रात इतके रुळले आहे की तह म्हटला की गमावणेच आठवते. ताश्कंदला १९६६ मध्ये हाजीपीर खिंड परत दिली गेली, सिमल्याला १९७२ मध्ये हातातला डाव सोडला गेला, अशी खंत घराघरांत ऐकू येते. तिच्यात तथ्य नाही असे नाही. पण याच मातीतला इतिहास दुसरीही बाजू सांगतो. पुरंदरच्या तहात १६६५ मध्ये शिवाजी महाराजांनी २३ किल्ले दिले आणि राज्य वाचवले. १६७० पासून ते किल्ले परत घ्यायला सुरुवात झाली. महादजी शिंदे यांच्या पुढाकाराने १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला आणि त्यानंतर सुमारे वीस वर्षे मराठे आणि इंग्रज एकमेकांशी लढले नाहीत. तहात वेळ कमावला जातो. तो वेळ कसा वापरला गेला याचा हिशेब वेगळा मांडायला हवा, आणि तो मांडण्याची सवय मराठी लेखनाला फारशी लागलेली नाही. रणांगणावरच्या पराक्रमाची पुस्तके कपाटे भरून आहेत. वाटाघाटींच्या टेबलावर काय घडले, हे सांगणारी मात्र बोटांवर मोजण्याइतकी.

तह युद्ध संपवतो. या संग्रहाचा विषय त्याच्या शेजारचा आहे: युद्ध चालू नाही, मैत्रीही नाही, दोन्ही बाजूंची सैन्ये समोरासमोर उभी आहेत, अशा काळात ताण सैल कसा करायचा? राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत यासाठी ‘देतांत’ हा मूळ फ्रेंच शब्द आहे. ताणलेली दोरी सैल सोडणे हा त्याचा धात्वर्थ. गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये बंदुकीच्या चापालाही हाच शब्द आहे. चाप ओढणे आणि ताण सोडणे यांत किती थोडे अंतर असते, हे १९६२ च्या ऑक्टोबरात जगाने पाहिले.

तोवरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. नेपोलियनच्या पराभवानंतर १८१५ मध्ये युरोपातल्या बड्या सत्तांनी तंटे परिषदांमधून मिटवण्याची रीत पाडली. ती क्रिमियाच्या युद्धापर्यंत बऱ्यापैकी टिकली. १९२५ च्या लोकार्नो करारांनी फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात सलोखा घडवला, ब्रियाँ आणि स्ट्रेसमान यांना नोबेल मिळाले, आणि १९३६ मध्ये हिटलरने ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घुसवून ते कागद निकालात काढले. लोकार्नोत जर्मनीच्या पश्चिम सीमेची हमी होती, पूर्वेची नव्हती. पूर्वेची किंमत काय पडली ते पोलंडला विचारावे. त्यानंतर १९३८ च्या म्युनिक कराराने ‘शत्रूशी बोलणे’ या कल्पनेलाच असा डाग लावला की तो अजून पूर्ण धुऊन निघालेला नाही.

१९६२ चा क्यूबाचा पेच मात्र सविस्तर पाहावा लागतो, कारण आजची बहुतेक साधने त्या भीतीतून जन्मली. क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे आली होती, अमेरिकी नौदलाने बेटाला वेढा घातला होता, आणि दोन्ही देशांच्या नेत्यांमध्ये निरोप पोहोचायला तासन् तास लागत होते. वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांनी पुढे आठवण लिहिली. सांकेतिक तार न्यायला वेस्टर्न युनियनचा पोऱ्या सायकलवरून यायचा, आणि वाटेत तो कुठे गप्पा मारत थांबू नये एवढीच दूतावासाची प्रार्थना असायची. जगाचे भवितव्य त्या सायकलवर होते. २८ ऑक्टोबरला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी माघारीचा निर्णय मॉस्को रेडिओवरून जाहीर केला, तो वेळ वाचवण्यासाठी. बदल्यात तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रे गुपचूप हटवण्याचे ठरले. पुढच्या वर्षी, २० जून १९६३ ला, जिनिव्हात थेट संपर्काचा करार झाला. सिनेमात दाखवतात तसा लाल टेलिफोन तिथे नव्हता, टेलिप्रिंटर होता. बोलताना रागाच्या भरात तोंडून काही जाऊ नये आणि भाषांतराला अवधी मिळावा, म्हणून मजकूर लेखीच ठेवला गेला. (जगाचे डोळे क्यूबाकडे होते त्याच दिवसांत लडाखमध्ये आणि नेफामध्ये भारत-चीन युद्ध चालू होते, हे इथल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.)

दुसरी वाट जर्मनीतून निघाली, आणि तिच्यामागे भीतीइतकीच माणसांची ताटातूट होती. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली तेव्हा विली ब्रांट पश्चिम बर्लिनचे महापौर होते. भिंत पाडणे त्यांच्या हाती नव्हते. मग निदान तिला दार पाडता येईल का, असा विचार त्यांच्या वर्तुळात सुरू झाला. १९६३ च्या जुलैमध्ये त्यांचे सहकारी एगोन बार यांनी त्याला सूत्ररूप दिले: जवळ जाऊन बदल घडवायचा. त्याच नाताळात भिंत ओलांडण्याच्या परवान्यांचा करार झाला आणि पश्चिम बर्लिनकरांनी भिंतीपलीकडच्या नातेवाइकांना सुमारे १२ लाख भेटी दिल्या. पुढे चॅन्सेलर झाल्यावर ब्रांट यांनी १९७० मध्ये मॉस्कोशी आणि वॉर्साशी करार केले. ७ डिसेंबर १९७० ला वॉर्सातल्या ज्यूंच्या स्मारकापुढे ते गुडघे टेकून बसले. मायदेशात अनेकांना ते अती वाटले. १९७१ चे नोबेल त्यांना मिळाले आणि १९७४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, कारण त्यांच्याच कार्यालयात पूर्व जर्मनीचा हेर निघाला. शत्रूशी बोलणी करणारा माणूस शत्रूच्या हेरगिरीतून सुटत नाही, आणि तरीही ब्रांट यांनी केलेले करार त्यांच्या पदानंतर टिकले. कारण ते एका माणसाच्या भरवशावर लिहिलेलेच नव्हते.

१९७२ हे या साऱ्याचे शिखर. फेब्रुवारीत अमेरिकी अध्यक्ष निक्सन पेकिंगला गेले. मे महिन्यात मॉस्कोत अण्वस्त्रमर्यादेचे करार झाले. त्यांच्या एक दिवस आधी समुद्रावरच्या धोकादायक प्रसंगांविषयीचाही एक करार झाला, ज्याची फारशी कुणी दखल घेतली नाही आणि ज्याने कदाचित सर्वांत जास्त अपघात टाळले. १९७५ मध्ये हेलसिंकीत ३५ देशांनी सह्या केल्या. सोव्हिएत नेत्यांना तिथे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सीमांवर शिक्कामोर्तब हवे होते, ते मिळाले. त्यापोटी मानवी हक्कांची कलमे त्यांनी मान्य केली. त्याच कलमांवर बोट ठेवून पुढल्याच वर्षी मॉस्कोत हेलसिंकी गट स्थापन झाला आणि १९७७ मध्ये प्राग शहरात मानवी हक्कांची एक सनद प्रसिद्ध झाली. करारातला कोणता शब्द कधी उगवेल, हे सही करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

या शिखराची सावली मात्र ढाक्यावर पडली होती. जुलै १९७१ मध्ये निक्सन यांचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानात पोटदुखीचे निमित्त करून अदृश्य झाले आणि पेकिंगला जाऊन आले. ही वाट पाकिस्तानचे अध्यक्ष याह्याखान यांनी जुळवून दिली होती. त्याच महिन्यांत त्यांचे सैन्य पूर्व बंगालमध्ये कत्तल करत होते. ढाक्यातले अमेरिकी महावाणिज्य दूत आर्चर ब्लड यांनी ६ एप्रिलला तारेने निषेध कळवला. त्यांना परत बोलावले गेले. वॉशिंग्टनने तोंड मिटून घेतले, त्यामागे चीनकडे जाणारी वाट मोकळी ठेवण्याचा हिशेब होता. दोन बड्यांचा ताण सैल होताना तिसऱ्याच्या गळ्याभोवती दोरी आवळली जाऊ शकते. ही गोष्ट पाश्चात्त्य इतिहासांत अनेकदा तळटीपेत जाते. भारतीय उपखंडात लिहिलेल्या पुस्तकात ती मुख्य मजकुरातच हवी, आणि इथे ती तशी आहे.

अभ्यासकांमध्ये या साऱ्याकडे पाहण्याच्या निरनिराळ्या दृष्टी आहेत. किसिंजर यांच्यासारखे वास्तववादी म्हणतात, शत्रूचा स्वभाव बदलायच्या फंदात पडू नका. सत्तेचा तोल सांभाळा, आणि व्यापार, शस्त्रे, सीमा या सगळ्यांची सांगड घालून समोरच्याला बांधून ठेवा. टॉमस शेलिंग यांनी १९६० च्या सुमारास दाखवून दिले की वैऱ्यांचेही एक हित सामाईक असते: दोघांनाही नको असलेले युद्ध टाळणे. रॉबर्ट जर्विस यांचे लक्ष मनाकडे होते. एक बाजू बचावासाठी जे करते ते दुसरीला चढाईची तयारी वाटते, ती उलट तयारी करते, आणि भीतीचा भोवरा फिरू लागतो. तो थांबवायला मानसशास्त्रज्ञ चार्ल्स ऑसगुड यांनी उपाय सुचवला होता: आधी जाहीर करून स्वतः एक छोटे पाऊल मागे घ्या, प्रतिसाद पाहा, मग पुढचे. बार यांची शाळा संपर्काने समाज बदलतो असे मानते. डेव्हिड मिट्रानी यांच्या वाटेने जाणारे म्हणतात, पाणी, टपाल, रेल्वे अशा कामांतून सहकार्याची वीण घाला, राजकारण मागून येईल.

आणि या साऱ्यांना विरोध करणारेही तितकेच गंभीर आहेत. अमेरिकी सिनेटर हेन्री जॅक्सन यांनी १९७४ मध्ये सोव्हिएत व्यापारसवलतींना ज्यूंच्या देशांतराच्या हक्काची अट जोडली. जुलमी राजवटीशी सलोखा म्हणजे तिच्या कैद्यांशी दगाफटका, हा त्यांचा आक्षेप आजही उत्तर मागतो. १९७६ च्या निवडणुकीत तर अध्यक्ष फोर्ड यांनी देतांत हा शब्दच वापरणे सोडले. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले आणि उरलेसुरलेही संपले. निदान तसे वाटले. संपर्काची यंत्रणा मात्र शिल्लक होती. १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह आले तेव्हा रीगन यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही.

यातली कोणतीही एक शाळा पुरी पडत नाही. भारत-चीन व्यापार वर्षाला १०० अब्ज डॉलरच्या पुढे गेला, तरी सीमेवरचा ताण त्याने सैल केला नाही. उलट अर्जेंटिना आणि ब्राझील यांनी १९८० च्या दशकात एकमेकांच्या अणुकेंद्रांना भेटी द्यायला सुरुवात केली, १९९१ मध्ये तपासणीसाठी सामाईक संस्था काढली, आणि दोघांचीही बॉम्बकडे जाणारी वाट बंद झाली. तिथे लष्करी राजवटी जाऊन निवडून आलेली सरकारे आली होती. ही एक गोष्ट वगळून त्या यशाची नक्कल करता येत नाही.

मग आपला शेजार. चीनबरोबरची कहाणी एका मराठी माणसापासून सांगता येते. १९६२ च्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे तेव्हा म्हटले गेले. मोडलेले सैन्य त्यांनी उभे केले. हेच यशवंतराव १९७६ मध्ये परराष्ट्रमंत्री होते, तेव्हा चौदा-पंधरा वर्षांच्या खंडानंतर भारताने पेकिंगला पुन्हा राजदूत पाठवला. के. आर. नारायणन यांची त्या पदी नेमणूक झाली. सैन्य उभारणारा माणूसच संवादाचे दार उघडतो यात विसंगती नाही. आपले बळ ठाऊक असलेल्यालाच ते निश्चिंत मनाने उघडता येते. १९७९ मध्ये परराष्ट्रमंत्री वाजपेयी चीनला गेले, आणि ते तिथे असतानाच चीनने व्हिएतनामवर हल्ला केला. दौरा आटोपता घ्यावा लागला. १९८६-८७ मध्ये सुमदोरोंग चू खोऱ्यात सैन्ये समोरासमोर आली आणि त्या धास्तीतून राजीव गांधींची डिसेंबर १९८८ ची भेट घडली. १९९३ आणि १९९६ मध्ये सीमेवर शांतता राखण्याचे करार झाले. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची आठवण चिनी नेते आवर्जून काढतात. २००६ मध्ये हू जिंताओ मुंबईत त्यांच्या कुटुंबीयांना भेटले. ती आठवण खरी आणि मोलाची आहे, पण सीमेवरची गस्त तिने ठरत नाही. १५ जून २०२० ला गलवानमध्ये भारताचे २० जवान धारातीर्थी पडले. चुशूल-मोल्डो इथे कमांडर पातळीवरच्या बैठका त्याआधीच सुरू झाल्या होत्या, त्या पुढेही चालू राहिल्या, वीसहून अधिक फेऱ्या झाल्या, आणि २१ ऑक्टोबर २०२४ ला देपसांग व देमचोक इथल्या गस्तीबद्दल समझोता जाहीर झाला. चार वर्षे त्या खोलीत कोण काय बोलले याच्या बातम्या झाल्या नाहीत. झाल्या असत्या तर कदाचित समझोताही झाला नसता.

पाकिस्तानशी चाललेल्या संवादाबद्दल मुंबईच्या वाचकाला प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री बोलणी करायला दिल्लीतच होते. फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले तेव्हा कारगिलच्या डोंगरांवर घुसखोरीची तयारी चालली होती. बोलून काय मिळाले, हा प्रश्न टाळून असे पुस्तक लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरले असते. उत्तर गळाभेटींत नाही, आकड्यांत आहे. २०२० या एका वर्षात भारताने नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधीभंगाच्या ५,०००हून अधिक घटना मोजल्या. २५ फेब्रुवारी २०२१ ला दोन्ही बाजूंच्या लष्करी कारवाई महासंचालकांचे संयुक्त निवेदन आले, आणि तोफा जवळजवळ थांबल्या. उरी-पूंछच्या गावांत लोक बंकरमधून बाहेर आले, शेते पुन्हा कसली गेली. पुढची चार वर्षे ही शांतता बहुतांशी टिकली.

आज हा विषय निकडीचा झाला आहे, कारण ही साधनेच एकेक करून गळून पडत आहेत. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरचा १९८७ चा अमेरिका-सोव्हिएत करार २०१९ मध्ये संपला. अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या शेवटच्या मोठ्या अण्वस्त्रकराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. सिंधू जलकराराने १९६० पासून तीन युद्धे पाहिली. पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित ठेवला. मे २०२५ मध्ये दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांनी एकमेकांच्या हवाई तळांवर मारा केला. भारताच्या परराष्ट्र सचिवांनी सांगितल्याप्रमाणे १० मेच्या दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या महासंचालकांचा फोन आला आणि गोळीबार थांबवण्याचे ठरले. तो फोन लागला, कारण ती लाइन शांततेच्या दिवसांत चालू ठेवली गेली होती. आणि दर रात्री दूरचित्रवाणीवर जे शब्द उधळले जात होते, त्यांतला एकही शब्द त्या फोनवर उपयोगी पडला नसता.

या संग्रहातल्या लेखकांनी विषय देशांनुसार लावलेला नाही, साधनांनुसार लावला आहे: फोन, यादी, पाणी, वाट, मध्यस्थ. त्यामुळे बर्लिनचा परवाना आणि श्रीनगर-मुझफ्फराबाद बस एकाच लेखात शेजारी बसतात, आणि १९९९ च्या भूकंपांनंतर एकमेकांच्या मदतीला धावलेले ग्रीस आणि तुर्कस्तान कुठल्याही मोठ्या सिद्धान्ताशिवाय समजतात. शांततेची महती गाण्याचा लेखकांचा हेतू नाही. फसलेले प्रयत्न त्यांनी यशस्वी प्रयत्नांइतक्याच बारकाईने तपासले आहेत, आणि ते का फसले हे सांगताना आपल्या बाजूच्या चुकाही झाकलेल्या नाहीत. एक उणीव कबूल करायला हवी: आफ्रिकेला पुरेशी जागा मिळालेली नाही. इथिओपिया आणि इरिट्रिया यांचा २०१८ चा सलोखा आणि नंतर पडलेली दरी यांवर स्वतंत्र लेख व्हायला हवा होता.

परिशिष्टात काही करारांची मराठी भाषांतरे दिली आहेत. सगळे पुस्तक क्रमाने वाचायला सवड नसेल त्यांनी तिथून सुरुवात करावी. १९९६ च्या भारत-चीन कराराचे सहावे कलम उघडावे. प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळी झाडायची नाही, स्फोट घडवायचे नाहीत, बंदुकीने शिकारसुद्धा करायची नाही, असे त्यात लिहिले आहे. मग गलवानवरचा लेख वाचावा. त्या रात्री दगड, सळया आणि खिळे ठोकलेल्या काठ्या चालल्या, माणसे नदीच्या गोठवणाऱ्या थंड पाण्यात पडली. दोन्हीकडून गोळी मात्र एकही सुटली नाही.